गाडीचं नाक

"चढ लागला की आधी काटा बघायचा, मग रस्ता, आणि मग देव!"

सेनोननं बायकोला, बासिलियाला, गाडी शिकवताना हे बजावलं होतं. सेनोन जन्मभर बस चालवून देवाघरी गेला. बासिलिया अजूनही तिन्ही बघे, फक्त उलट्या क्रमानं. पहाटेची जपमाळ पुरी झाल्याशिवाय ती किल्लीला हात लावत नसे.

गाडी छोटी, स्वस्तातली, जपानात जुनी होऊन बोलिव्हियात आलेली. सकाळी खोकायची, चढाला धापा टाकायची आणि पेट्रोलपेक्षा ऑइलच आवडीनं प्यायची. तिचं स्टिअरिंग इथं आल्यावर उजवीकडून डावीकडे आणलं होतं, पण वेगाचा आणि इंजिन किती तापलं ते सांगणारा, असे सगळे काटे जुन्याच जागी, उजवीकडं राहिले. तिकीना गावात अशा गाड्या पुष्कळ. शेजारी बसेल त्यानं काटा सांगायचा, असा रिवाजच पडला होता.

आज शेजारी कासिमिरा होती, बासिलियाच्या लेकीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. त्या नात्यानं दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. कासिमिराचा एक डोळा गेला होता, दुसराही फार दिवस टिकणार नाही असं ला पासच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "उजेड आहे तोवर कोपाकाबानाच्या देवळातली मरियामाय एकदा डोळे भरून बघू दे," एवढंच ती म्हणाली होती. आणि "मी नेते," असं बासिलिया बोलून गेली होती.

"कोमाद्रे, काटा कुठं आहे?"

"मध्यावर."

"मघाशीही मध्यावरच होता."

"मग? तुझ्यासारखा चंचल नाही तो."

पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. बासिलियानं गाडी कडेला घेतली.

"अजून मध्यावर?"

"आता या वाफेत काय दिसणार, बाई!"

मागून आलेली मिनीबस थांबली. विल्फ्रेदो नावाचा जाडा ड्रायव्हर उतरला, गाडीभोवती एक फेरी मारून पोट धरून हसला. गाडीच्या पुढच्या जाळीवर ग्लॅडिओलाचा हातभर रुंद हार गच्च बांधलेला होता.

"मावशी, हार देवळापुढं घालतात, तिथं पाद्री गाडीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतो तेव्हा. वाटेत कोण सजवतं?"

"नवरी काय मांडवात जाऊन नटते?" कासिमिरा आतूनच म्हणाली. "घरूनच नटून निघते ना!"

"पण नवरीचं नाक तरी मोकळं असतं! इथून वारा जातो, तेव्हा आतलं पाणी निवतं. नाक दाबलं की तोंड उघडणारच. बघा, कसं उघडलंय!"

बासिलिया हसली नाही. परसातली फुलं कासिमिरानं चाचपून चाचपून ओवली होती, हे तिला ठाऊक होतं.

इंजिन थंड व्हायला बराच वेळ गेला. मग विल्फ्रेदोनं आपल्या डब्यातलं पाणी ओतलं आणि सांगितलं, "चढाला हीटर पूर्ण सोडा. इंजिनाची धग तुमच्याकडं येईल. तुम्ही भाजाल, गाडी वाचेल." आणि हसतच निघून गेला.

"माघारी चल," कासिमिरा हळूच म्हणाली. "गाडी जळली तर ते पाप माझ्या माथी. काटा मला दिसतच नव्हता, गं. नुसतं काळं दिसतं तिथं."

"मग मध्यावर कशाला म्हणालात?"

"खाली म्हटलं असतं तर तुला पटलं नसतं. वर म्हटलं असतं तर तू परत फिरली असतीस."

आता मात्र बासिलियाला हसू आवरेना. "मरियामायच्या वाटेवर खोटं बोललात, कोमाद्रे!"

"तिच्या पायाशी पोचले तर कबूल करीन की. परत फिरले तर कुणापुढं करू?"

बासिलियानं हार सोडला, एकही फूल न चुरगळता कासिमिराच्या मांडीवर ठेवला आणि मान वाकवून काटा स्वतः पाहिला. खाली आला होता. तिनं हीटर पूर्ण सोडला. गरम वारा दोघींच्या तोंडावर आला. कासिमिरानं शाल काढून मागं टाकली.

बासिलियानं पहिला गिअर टाकला आणि गाडी कोपाकाबानाच्या चढाला लावली.