वाकडे टाके

आमच्या घरी सांता कागदात गुंडाळून काही देत नसे. हाताने शिवलेली कापडी पिशवी लेकीच्या उशाशी ठेवायचा, आणि तिचे टाके इतके वाकडे की बघवत नसत. माझी बायको शिवणकाम करायची. तिच्या हाताची सफाई बघून गिऱ्हाइकं लांबून यायची. पिशवी बघून ती लेकीला म्हणायची, "या सांताला पाठव ग माझ्याकडे शिकायला."

ती गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ. लेक मावशीला म्हणाली, "यंदा पिशवी आली तर सांता खरा. नाही आली, तर आईच होती."

आई गेली, आता सांताही जायला नको, असं मला वाटलं. म्हणून शिवायला बसलो. मी गॅरेजात इंजिनं उघडणारा माणूस. दोरा ओवतानाच घाम फुटला.

मेहुणी बघत होती. "भाऊजी, शिवताय की पंक्चर काढताय?"

"तू शिव मग."

"माझे टाके ती ओळखेल. तुमचंच चालू द्या."

सकाळी लेकीने पिशवी उचलली आणि कपाटातून गेल्या वर्षीची काढून शेजारी ठेवली. आत रंगपेटी होती, तिला हातही लावला नाही. आईसारखे डोळे बारीक करून टाके बघितले.

"वाकडेच आहेत. म्हणजे तोच आहे."

मी सुटलो म्हणेपर्यंत तिचा चेहरा पडला. "मला वाटत होतं, आईच असेल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पिशवी येऊ नये, असंच तिला वाटत होतं.

"आईच होती," मी म्हणालो. "तू तिचा टाका ओळखशील म्हणून डाव्या हाताने शिवायची. तू शाळेत गेलीस की बसायची. आपल्याच टाक्यांना हसायची."

"आई? वाकडं शिवायची?" साध्या रुमालाचा टाका चुकला तरी सगळं उसवणारी बाई. लेकीचा विश्वास बसेना. "मुद्दाम?"

"मुद्दाम. दर वर्षी."

"मग ही कोणी शिवली?"

"मी."

"डाव्या हाताने?"

"नाही ग. उजव्याच."

ती खो खो हसली. मग जुनी पिशवी घेऊन खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरून एकेका टाक्यावरून बोट फिरवत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "काय मस्त वाकडं शिवलंय आईने!"