शुक्रवारची शस्त्रक्रिया
सभागृहात आल्यापासून कुमुदताईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. बसायच्या, उठायच्या, हार आले का बघायच्या, पुन्हा बसायच्या. का नाही? लेक खासदार झाली होती, तीही स्कॉटलंडमधून! पनवेलच्या मंडळाने रेवाचा सत्कार ठेवला होता आणि तिचा परिचय खुद्द आईने लिहिला होता.

खरं सांगायचं तर खासदारकीचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. पोरीने डॉक्टरकी अर्ध्यावर सोडली, ग्लासगोला गेली, बेघरांच्या संस्थेत राबली, नगरसेवक झाली, एकदा सपाटून हरली आणि मग निवडून आली. आईच्या मनात मात्र ती अर्धी डॉक्टरकीच ठसठसत राहिली. विचारायची सोय नव्हती. विषय निघाला की रेवा फोन ठेवायची. आणि परवा तिच्या वेबसाइटवर वाचलं तर काय, दर शुक्रवारी सर्जरी! मतदारांसाठी, मोफत! अगं बाई, म्हणजे कार्टीने गुपचूप शिक्षण पुरं केलं तर!

"दर शुक्रवारी रेवाताई गरिबांवर मोफत शस्त्रक्रिया करतात!" मंडळाच्या सुशांतने माइकवर ठणकावून वाचलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. रेवाने चमकून आईकडे पाहिलं.

तेवढ्यात गोदूबाई उठली. ही उरणहून पनवेलच्या करंजाड्यात मासळी विकायला येणारी; कुमुदताईंनीच तिला आवर्जून बोलावलं होतं. नवऱ्याला, काशिरामला, हाताला धरून ती थेट स्टेजपाशी गेली.

"बाय, यांचा खुबा गेलाय. सरकारी दवाखान्यात नुसत्या तारखा देतान. तू करशील ना आपरेशन?"

रेवा खाली उतरली. "मावशी, मी डॉक्टर नाही. तिकडे खासदार मतदारांच्या अडचणी ऐकायला बसतो, त्यालाच सर्जरी म्हणतात."

सभागृहात हशा पिकला. कुमुदताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण गोदूबाई हसली नाही.

"मंग मी काय करू? होडीवर जाता येत नाय, रातभर कण्हत असतान."

रेवाने हार काढून खुर्चीवर टाकला आणि स्टेजच्या पायरीवरच बसली. कुठला दवाखाना, कोण डॉक्टर, काय कारण सांगतात, एकेक विचारत गेली. लोक कंटाळून चहाकडे वळले. ही मात्र दवाखान्यात फोन लावतेय, कुणी उचलत नाही, पुन्हा लावतेय. शेवटी तिकडचा माणूस वैतागून म्हणाला, "शुक्रवारी या, मोठ्या डॉक्टरांना भेटवतो. बरोबर बोलणारं कुणीतरी आणा."

"शुक्रवारी?" रेवाचा चेहरा पडला. गुरुवारी तिचं विमान होतं.

एवढा वेळ कुमुदताई खांबाआड पदराशी चाळा करत उभ्या होत्या. रागही येत होता, रडूही. कुणाचा राग, तेच कळेना. आपण बोलावली म्हणून ही बाई एवढ्या आशेने आली, आणि तिच्यासाठी धडपडतेय कोण, तर जिला आपण वाया गेलेली धरली ती!

त्या पुढे आल्या आणि पायरीवर लेकीशेजारी बसल्या.

"मी जाईन गोदूबाईबरोबर," त्या म्हणाल्या. "पण मला नीट सांग. तू काय करतेस गं तिकडे? पहिल्यापासून सांग."

रेवाने हातातला फोन बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत हे आईने कधी विचारलंच नव्हतं.