खारनगरच्या उघाडीचे दार

मित्रांनो, मी एक जुने दार आहे, पण घराचे नाही. खाडीच्या बांधात पाणी जाण्यासाठी वाट ठेवतात, तिला उघाडी म्हणतात. मी त्या उघाडीचे दार. आता डोळखांबजवळच्या एका पाड्यावर, कोंडूच्या गोठ्यासमोर मी आडवे पडून असते. शेळ्या माझ्यावरून ये-जा करतात. मी फार थकले आहे. लाकूडही थकते.

माझा जन्म इथल्याच ऐनाच्या खोडातून झाला. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसे कामासाठी खाडीकडे निघाली, तेव्हा मुकादमाने मलाही त्यांच्या ट्रकमध्ये चढवले. आजचे खारनगर शहर तेव्हा नव्हते. तिवरांची झुडपे, मांडीभर चिखल आणि दिवसातून दोनदा येणारी भरती, एवढेच होते. कोंडू तेव्हा अठरा वर्षांचा होता. चिखलाची ढेकळे डोक्यावरून वाहून या माणसांनी बांध घातला आणि मला उघाडीत टांगले. टांगले ते चुकीच्या बाजूला, जमिनीकडे. डोंगरात पाणी वरूनच येते. खाडीत ते खालूनही येते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पहिल्याच पौर्णिमेच्या उधाणाने मला सहज आत ढकलले आणि सगळी जमीन खारट केली.

काठावर राहणारी हिराबाई कमरेवर हात ठेवून हसली. "काय रे डोंगऱ्या, तुमचं पाणी नुसतं उतरतं व्हय? आमचं चढतं पन!"

कोंडूने मला काढून खाडीच्या बाजूला टांगले. मग जमले. भरतीच्या दाबाने मी बंद होई, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडे. तीन पावसाळ्यांनी मीठ धुऊन निघाले आणि भात पिकला. लोक भाताचे कौतुक करत, बांधाचे करत, कधीमधी माझेही. पंचवीस वर्षे मी दिवसातून दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. माझ्या खाडीकडच्या अंगाला चुन्यासारख्या कवचांचे बारीक जीव चिकटले. भरतीचे पाणी पोहोचते तिथपर्यंतच ते जगतात. त्यांची वरची कड म्हणजे पाण्याने स्वतः ओढलेली रेघ.

मग भातावर मुरमाचे डंपर रिकामे झाले. रस्ते आले, चाळी आल्या, शहर आले. बांधाच्या जागी सिमेंटची भिंत झाली आणि मी भंगारात गेले. दरसाल कामाला येणाऱ्या कोंडूने मला विटांच्या परतीच्या ट्रकमधून घरी आणले.

गेल्या महिन्यात कोंडूची मुलगी मालू खारनगरहून आली. तिचा नवरा हरेश तिकडे गवंडीकाम करतो.

"बाबा, खोली बघितली. तळमजला. तुमच्या गुडघ्यांना जिना नको. रविवारी जातो राहायला, मग तुमाला नेते."

"कुठं गो?"

"भिंतीला लागून. जुना दगडी उंबरा हाय बघा गटारात, त्याच्या बाजूला."

कोंडूने माझ्याकडे पाहिले. तो माझाच उंबरा. माझी खालची कड त्यावर टेकत असे.

"चार पावसाळे कोरडी गेलीय खोली," मालू म्हणाली.

"पावसाचं कोन बोलतंय? उधाणाचं बोल. भिंतीला पानी जायाला भोक हाय?"

"हाय. गाळानं बुजलंय. दिवाळीनंतर साफ करनार हायेत."

"त्याला दार?"

"दार नाय."

"मग भोक मोकळं झालं, की उधाण सरळ आत," म्हणत कोंडू खाली बसला. माझ्या खालच्या कडेपासून कवचांच्या रेघेपर्यंत त्याने सुतळी धरली आणि तिथे गाठ मारली. "ही उंबऱ्यावर उभी धर. हरेशला बोल, पातळी मापायची पान्याची नळी लावून गाठीची उंची खोलीत ने."

"बाबा, तुमी पन ना! इंजिनियर झालात?"

पण सुतळी तिने नेली.

शनिवारी फोन आला. कोंडू माझ्यावरच बसला होता.

"मापलं, बाबा."

"गाठ कुठं आली?"

 मालू म्हणाली, "रत्नाला भिंतीला उभी केली. तिच्या गळ्याशी आली."

रत्ना मालूची मुलगी, तीन वर्षांची.

"आमी नाय जात तिथं," मालू म्हणाली. "आता राहते त्या वरच्याच खोलीत राहीन. तुमाला हरेश पाठीवर घेईल."

"नि ती खोली?"

"दुसऱ्यांनी घेतली. त्यांचं पन पोर हाय. मी सांगितलं, गाठ दाखवली. बाई हसली. बोलली, सुतळीला काय कळतंय? म्हनून हरेशनं आत गाठीच्या उंचीला गेरूची रेघ ओढून ठेवलीय, चारी भिंतींना."

कोंडूने फोन ठेवला आणि माझ्यावरच्या कवचांच्या रेघेवरून बोट फिरवले.

मित्रांनो, मला पुन्हा टांगा, असे मी म्हणत नाही. माझ्या बिजागऱ्या गेल्या आहेत. पण त्या भोकाला एक दार बसवा. आणि नव्या घराच्या भिंतीवर कुठे आडवी रेघ दिसली, तर रंग मारण्याआधी आपल्या घरातले सर्वांत लहान मूल तिच्याजवळ उभे करून पाहा.