पेडगावचा पाया माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि जुना म्हणजे चांगलाच जुना. माझा पडदा तुमच्याकडच्यासारखा चपटा नाही, त्याला मागे भलंमोठं पोट आहे. परभणीत आर्किटेक्ट बन्सीधर सरांच्या ऑफिसात मी आलो, तेव्हा शेजारपाजारचे दुकानदारसुद्धा मला बघायला आले होते. माझी मिजास काय विचारता!

सर हाताने नकाशे काढणारे. माऊस धरायलाही बिचकायचे. पण एकदा हात बसला आणि मानवतपासून पोखर्णीपर्यंतची घरं, शाळा, गोदामं माझ्या पोटात उभी राहू लागली. सर इतके खूश झाले की त्यांनी कागदी नकाशे रद्दीत घातले. "सगळं मशीनमध्ये आहे की आता!" असं ते येईल त्याला सांगायचे.

पुढे चपटे कॉम्प्युटर आले. माझ्या फायली त्यांच्यात उतरवल्या आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. डोक्यावर हेल्मेट, चहाचे कप, वाट्टेल ते. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आठवण व्हायची ती फक्त खंडेनवमीला. सरांच्या पत्नी गीताबाई हळदीकुंकू घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "बंद मशीनची पूजा असते का कुठं? आधी चालू करा." मी घरघरत जागा व्हायचो. कुंकू मात्र थेट माझ्या फ्लॉपीच्या फटीत जायचं! सरांची मुलगी नीलम, तीही आता आर्किटेक्ट, कपाळाला हात लावायची.

गेल्या उन्हाळ्यात पेडगावच्या कुसुमबाई ऑफिसात आल्या. तिथल्या बुद्धविहाराच्या सभागृहात त्या मुलींची अभ्यासिका चालवतात. सभागृहाचा नकाशा सरांनीच काढलेला.

"ताई, सभागृहात कुणाचं लगीन निघालं की पोरींना दप्तर उचलून घरी जावं लागतंय," त्या नीलमला म्हणाल्या. "वर एक मजला पायजे. पण इंजिनेर म्हणायलेत, पाया कसा हाय ते नकाशात दाखवा, न्हाई तर न्हाई. आमच्याजवळचा नकाशा तर वाळवीनं खाल्ला."

नीलमने नव्या कॉम्प्युटरवर शोधलं. फाईलचं नाव दिसत होतं, पण ती काही केल्या उघडेना. माझा जुना प्रोग्राम त्याला कळतच नव्हता, आणि इतक्या वर्षांत कुणी ती उघडून पाहिलीच नव्हती. सर मान खाली घालून बसले. कुसुमबाईंचा चेहरा एवढासा झाला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या गीताबाई म्हणाल्या, "अगं, त्या कोपऱ्यातल्याला विचार की. दसऱ्याच्या वेळी तर चालू झाला होता."

माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उतरलं. बटण दाबलं गेलं. मी जीव खाऊन घरघरलो आणि पडद्यावर पाया उमटला!

"बाबा, तुम्ही दोन मजल्यांचा पाया धरलाय!" नीलम ओरडलीच.

"मग! पोरीबाळी वाढणारच होत्या ना," सर म्हणाले आणि कितीतरी वेळ हसत राहिले.

फ्लॉपीच्या फटीत कुंकू भरलेलं, त्यामुळे नकाशा बाहेर काढायची सोय नव्हती. मग नीलमने मोबाईलवर माझ्या पडद्याचे फोटो घेतले आणि त्यांवरून सगळा नकाशा नव्याने काढला. इंजिनिअरने जागेवर जाऊन तपासणी केली आणि होकार दिला. त्या दिवशी कुसुमबाईंनी माझ्या पोटावरून हात फिरवला. "लय गुणाचा हाय गं ह्यो," म्हणाल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

आता नीलम माझ्यातला एकेक नकाशा उघडते, तसाच फोटोंवरून नव्यात उतरवते आणि एक प्रत कागदावर छापून ज्याची इमारत त्याला देते. मित्रांनो, तुमच्या घरचे फोटो, कागदपत्रंही कुठल्यातरी मशीनमध्ये असतील. आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. अधूनमधून उघडून बघा, आणि आमच्यासारख्या जुन्यांना एकदम भंगारात काढू नका.

परवा कुसुमबाईंचा फोन आला, तर मागे बँड दणाणत होता. त्या ओरडूनच सांगत होत्या, "ताई, खाली लगीन हाय! अन् वर पोरी खिडक्या लावून अभ्यास करायल्यात!"