साठ आणि एकशेवीस

मी एक कोनमापक. कंपासपेटीतला, पारदर्शक, अर्धा गोल. माझ्या कडेवर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, एक डावीकडून चढणारी, एक उजवीकडून. एकाखाली एक आलेले कुठलेही दोन आकडे मिळवा, एकशे ऐंशीच येणार. याचा मला जन्मापासून अभिमान.

मानपाड्याच्या दुकानातून मी पाचवीतल्या दर्शनाकडे आलो. दोन वर्षं तिने माझ्याकडून फक्त चित्रातला सूर्य काढून घेतला. मग सातवीच्या चाचणीत तिने माझी चुकीची ओळ वाचली, एकशेवीसच्या जागी साठ लिहिलं. दोन गुण गेले. त्या दिवसापासून ती मला नीट वाचू लागली.

तिची आजी, आवडाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी येणार होती. घर वरच्या मजल्यावर, जिन्याला कठडा नाही. वेल्डर सहदेवकाकांनी तिरका पाइप दोरीने बांधून पाहिला, खाली खांब धरला, आणि दर्शनाच्या बाबांशी, प्रफुल्लशी, त्यांची जुंपली.

"कोन साठचा आहे, प्रफुल्ल!"

"अरे, मोबाइलवर मोजलाय मी. एकशेवीस!"

"मोबाइल धरून चढणार काय तुझी आई? खांब चुकीचा कापला तर दुसरा पाइप नाय माझ्याकडे."

वेल्डिंगचं मशीन बंद. चार वाजून गेलेले.

दर्शनाने माझी सरळ कड तिरक्या पाइपला लावली, मध्यबिंदू खांबावर.

"काका, हा पाइप म्हणजे सरळ रेघ ना? खांब टेकला तिथे तिचे दोन कोन झाले. रेषीय जोडी! दोन्ही मिळून एकशे ऐंशी. तुम्ही उताराकडचा मोजला, बाबांनी चढाकडचा. पूरक कोन आहेत ते, भांडताय काय?"

सहदेवकाका माझ्यावर वाकले. खालचा आकडा, वरचा आकडा.

"म्हणजे दोघं बरोबर? मग मघापासून ओरडतोय कशाला रे आपण?"

त्याच कोनात सगळे खांब कापले. वेल्डिंगची एक ठिणगी उडून माझ्या नव्वदाजवळ बसली.

सहा वाजता आवडाबाई आली. पाइप धरला, हलवून पाहिला.

"आगो, हालत नाय गो यो!"

आणि चढली. सोळाच्या सोळा पायऱ्या.

आता माझ्या नव्वदाजवळ तपकिरी डाग आहे. दर्शनाला नवी पेटी मिळाली, त्यातला कोरा कोनमापक तिने शेजारच्या मितेशला देऊन टाकला. पोरांनो, सूर्य काढायला मला खुशाल वापरा. पण कधीतरी सरळ रेघेवर टेकवा, आणि दोन माणसं दोन आकडे सांगू लागली, तर त्यांना खोटं ठरवण्याआधी एकदा बेरीज करून बघा.