बाजारपेठेचा रस्ता आणि भावंडांची डोकी

धाकटी मेंदूची संशोधक, दादा नगरसेवक. बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद करायचा की नाही, यावरून दोघांनी अबोला धरला होता. ती म्हणे बंद करा, तो म्हणे व्यापारी मरतील. मध्ये पडून पडून वहिनीने हात टेकले.

दादा पक्षाच्या तालावर नाचतो, आपण मात्र पुराव्यावर चालतो, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका नव्हती. त्याच सुमारास तिच्या प्रयोगशाळेत नवा प्रयोग सुरू व्हायचा होता. माणसाला स्कॅनरमध्ये झोपवायचं, त्याच्या राजकीय मताविरुद्धचे मुद्दे ऐकवायचे आणि मेंदू काय करतो ते पाहायचं. यंत्र तपासायला तीच आत आडवी झाली. तंत्रज्ञाने तिला दादाचेच मुद्दे ऐकवले.

बाहेर येऊन तिने पडद्याकडे पाहिलं. संकटाची चाहूल लागली की जागे होणारे भाग चांगलेच उजळले होते.

"मॅडम, कुणी अंगावर धावून आलं होतं का?" तंत्रज्ञाने विचारलं.

एका स्कॅनने काही सिद्ध होत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आत असताना छाती कशी धडधडत होती, तेही ठाऊक होतं. मुद्दा कानावर पडायच्या आधीच तिने तो झिडकारला होता.

संध्याकाळी ती थेट दादाच्या कार्यालयात गेली.

"भांडायला आले नाही. गाड्या चालू राहिल्या तर त्या गर्दीतून रुग्णवाहिका कशी जाईल, तेवढं समजावून सांग."

दादा तावातावाने सांगू लागला, बोलता बोलता रुग्णवाहिका चौकापर्यंत आणली आणि तिथेच अडकला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "बरं, तू सांग. रस्ता बंद झाला तर दुकानात माल कुठून उतरणार?"

तीही अडकली. दोघं एकदम खो खो हसत सुटली.

मग दोघांनी टेबलावर नकाशा पसरला. सकाळी मालाच्या गाड्या, दुपारपासून फक्त पायी माणसं, रुग्णवाहिकेला मागची गल्ली मोकळी. पालिकेच्या सभेत दादाने ठराव मांडला तेव्हा त्याच्याच पक्षातले कुरकुरले. पण व्यापाऱ्यांनाच तो पटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. ठराव मंजूर झाला.

धाकटीने प्रयोगात एक पायरी वाढवली: विरोधी मुद्दा ऐकवण्याआधी माणसाला त्याचंच म्हणणं सविस्तर समजावून सांगायला लावायचं. त्यानंतर तरी मेंदू विरोधी मुद्दा शांतपणे ऐकतो का, हे तिला पाहायचं होतं.

"मग या खेपेला मत मला ना?" दादाने जेवताना विचारलं.

"छे! भात वाढ."