दुसऱ्यांदा घेतलेली ओळ

आर्णीच्या ऋतिकनं मला ग्रुपमधून काढलं तेव्हा कारणही लिहिलं नाही. वयानं पंचेचाळीसच्या वरचे एकतीस जण एका दुपारी साफ. भीमसिंगभाऊंच्या चाहत्यांचा ग्रुप तो. बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांत लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गाणारे भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. ऋतिकनं त्यांना समोर बसून एकदाही ऐकलेलं नाही. मी, रुक्माबाई, वय एकसष्ट, वीस होळ्या त्यांच्यामागं फिरले. कारण नंतर कानावर आलं: म्हणे म्हातारे फुलांचे फोटो टाकतात, ग्रुपची शोभा जाते. मी आयुष्यात एक फूल टाकलं नव्हतं.

माझी सून सोनू तिशीची, म्हणून ती ग्रुपात राहिली. मंगळवारी तिनं फोन माझ्या कानाला लावला. भाऊंची कधीच न ऐकलेली लेंगी सापडली होती म्हणे. दुसऱ्या दिवशी, भाऊंच्या स्मृतिदिनी, ऋतिक ती सगळीकडे सोडणार होता. मी एकदाच ऐकली आणि आर्णीची एसटी धरली.

ऋतिकचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला, ग्रुप जरा ताजा ठेवा लागते काकू, असं काहीतरी पुटपुटला. चहा नंतर, म्हटलं, आधी ते गाणं लाव.

"हे भाऊचं नाही."

"आवाज तं त्याईचाच हाये, काकू."

"आवाज असन. पण गड्यानं ओळ एकदाच घेतली न बायाईनं लगेच उत्तर देलं. भाऊ ओळ दोनदा घेत. तवा माइक नव्हता. दुसरी ओळ मांगं उभ्या बायाईसाठी राहे, त्याईले ऐकू जावी म्हणून. मी मांगंच उभी राहो."

ऋतिकचा चेहरा उतरला. भाऊंच्या जुन्या कॅसेटी त्याच्याकडेच होत्या. दुसरी ओळ आली की टेप अडकली असं समजून, आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकताना हा बहाद्दर ती कापत आला होता. तिथल्या सातही गाण्यांतून. त्यानं नवं गाणं पाठवणाऱ्या पोराला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, तुमच्याच चॅनेलवरची गाणी एआयला देऊन कॉम्प्युटरवर बनवलं, काय बिघडलं?

ऋतिकनं ते गाणं माझ्यादेखत पुसलं. मग मला 'ज्येष्ठ चाहती' अशी पदवी देऊन परत घ्यायला निघाला.

"पदवी ठेव तुह्यापाशी. एकतीसही जणाईले घे. पांढरकवड्याच्या लखीरामले आंधी. तो माह्याहून जुना हाये. अन् कापलेल्या ओळी जिथल्या तिथं लाव."

एकेक नंबर तो टाकत गेला, मी मोजत गेले. एकतीस झाल्यावरच चहाला हात लावला.

स्टँडबाहेर कण्हेर फुलली होती. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.